नववी इनिंग, ब्रॅड लिज आणि २००९ चे फिलीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण न्यू जर्सीत चेरी हिलला राहायला येऊन मला आता वीस वर्षं होतील. इथल्या मराठी घरांत पहिला मान क्रिकेटचाच. पण ज्यांची मुलं इथे वाढली त्यांच्याकडे मुलांच्या पाठोपाठ फिलाडेल्फियाचा बेसबॉल संघ फिलीजही घरात शिरला. दर उन्हाळ्यात फिलीजचा कुणीतरी क्लोजर दोन-तीन रात्री लागोपाठ मार खातो आणि कुणीतरी म्हणतंच, "हा २००९ चा लिज होणार बघ." मग नवीन आलेले विचारतात, कोण लिज? गणपतीच्या पंगतीत, गाडीत, मुलांच्या मॅचच्या कडेला उभं राहून मी फिलीजच्या या जुन्या क्लोजरची गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की शेवटी प्रश्नच लिहून काढले. उत्तरं तटस्थ नाहीत, हे आधीच सांगतो.

क्लोजर म्हणजे नेमका कोण?

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगला दोन्ही संघांना तीन-तीन आउट, आणि तीन बेस फिरून घरी आलं की एक रन. सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाच-सहा इनिंग टाकतो, मग बुलपेनमधले (राखीव पिचर जिथे हात गरम करतात ती जागा) एकेक जण येतात, आणि आपण थोडक्या रनांनी पुढे असलो तर नववी इनिंग एका ठरलेल्या माणसाच्या हातात जाते. तो क्लोजर. तीन आउट काढायचे आणि घरी जायचं, एवढंच काम.

आपल्याकडच्या माणसाला मी २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवायला सांगतो. शेवटच्या षटकात पाकिस्तानला १३ धावा हव्या होत्या आणि धोनीने चेंडू जोगिंदर शर्माच्या हातात ठेवला. ती रात्र जोगिंदरच्या वाट्याला एकदा आली. क्लोजरच्या वाट्याला ती एका मोसमात चाळीस-चाळीस वेळा येते, आणि त्यातल्या पस्तीस वेळा तो जिंकवून देतो तेव्हा लोक कोट चढवून पार्किंगकडे चालायला लागलेले असतात.

आणि सेव्ह?

आपला संघ जास्तीत जास्त तीन रनांनी पुढे असताना येऊन शेवटची अख्खी इनिंग टाकली आणि आघाडी राखली, की पिचरच्या नावावर एक सेव्ह. आणखी दोन-तीन पोटनियम आहेत, ते सोडून द्या. हा आकडा अधिकृतपणे मोजायला १९६९ मध्ये सुरुवात झाली. आघाडी घालवली तर ब्लोन सेव्ह, म्हणजे फसलेला सेव्ह. संघाने पुढे झगडून सामना जिंकला तरी तो डाग राहतोच.

एक गंमत ध्यानात ठेवा, पुढे लागेल. सातव्या-आठव्या इनिंगला येणाऱ्या पिचरला सेव्ह मिळण्याची शक्यता जवळपास नसते, कारण सामना तो संपवतच नाही. फसलेला सेव्ह मात्र त्याच्या नावावर लागू शकतो.

२००८ मध्ये लिजने असं काय केलं होतं?

एकही चूक केली नाही. हे मी शब्दशः म्हणतोय. नियमित मोसमात ४१ पैकी ४१ सेव्ह, प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, ७ पैकी ७. त्या वर्षी आठ इनिंगनंतर फिलीज पुढे असले तर मोसमभरात एकदाही हरले नाहीत. असे ७९ सामने होते.

शेवटचा दिवस तर आणखी भारी. टॅम्पा बेविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीच्या मालिकेचा, पाचवा सामना पावसाने सहाव्या इनिंगमध्ये थांबला आणि दोन दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, तिथूनच पुढे सुरू झाला. नवव्या इनिंगला ४-३, दुसऱ्या बेसवर बरोबरी करू शकणारा टॅम्पाचा माणूस, आणि समोर एरिक हिन्स्की. लिजने स्लायडर (ऐनवेळी खाली पडणारा त्याचा हुकमी चेंडू) टाकला, हिन्स्कीची बॅट हवेतून फिरली, लिज गुडघ्यांवर कोसळला आणि कॅचर (आपला विकेटकीपर म्हणा) कार्लोस रुईझने त्याला मिठी मारली. ज्या क्लबच्या नावावर १८८३ पासून दहा हजारांहून जास्त पराभव आहेत, त्याचं हे दुसरंच विजेतेपद. पहिलं १९८० चं. शहरात अजूनही दुकानांच्या भिंतींवर गुडघ्यांवरच्या लिजचा तो फोटो दिसतो.

मग एका वर्षात काय बिघडलं?

आधी आकडे. २००८ मध्ये ६९ इनिंगच्या वर टाकून त्याने १५ अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून, पिचरच्या नावावर लागणारे) दिले, इआरए १.९५. २००९ मध्ये ५८ च्या वर इनिंगमध्ये ४७ रन, इआरए ७.२१. शून्य विजय, आठ पराभव, ३१ सेव्ह आणि ११ फसलेले सेव्ह. इआरए म्हणजे नऊ इनिंगमागे किती अर्न्ड रन दिले याची सरासरी. क्लोजरची तीनच्या आत असेल तर उत्तम, चारला लोक कुरकुरतात. सातला काय करतात ते मी प्रत्यक्ष ऐकलंय.

पण खरी गोष्ट दुसऱ्या एका आकड्यात आहे. २००८ मध्ये त्याला अख्ख्या वर्षात २ होम रन (आपला षटकार म्हणा) बसले होते. २००९ मध्ये ११.

हे समजायला त्याचा स्लायडर समजून घ्यावा लागतो. लिजचा स्लायडर बॅटरला सुरुवातीला गुडघ्याच्या उंचीवर येणाऱ्या सरळ वेगवान चेंडूसारखा दिसायचा. बॅट फिरवायची की नाही हे बॅटरला चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच ठरवावं लागतं. तो ठरवायचा, आणि मग चेंडू पायाखालची फळी काढल्यासारखा खाली पडायचा. बॅट वरून जायची, चेंडू मातीत, आणि रुईझ छाती पुढे करून तो अडवायचा. यातले बरेच चेंडू सोडून दिले असते तर 'बॉल'च, म्हणजे आपल्या वाइडसारखे, ठरले असते. म्हणजे सगळी जादू बॅटरला फसवण्यात होती, आणि फसवायला आधी सरळ चेंडूचा धाक लागतो. २००९ मध्ये तोच गेला. सरळ चेंडू हवा तिथे पडेना, पूर्वीइतका जोर त्यात राहिला नाही. बॅटर निवांत उभे राहू लागले, खाली जाणारा स्लायडर सोडू लागले, आणि दोन-तीन बॉल मागे पडल्यावर लिजला मधोमध चेंडू टाकावा लागे. तो मग कुंपणापलीकडे.

जोर का गेला? जूनच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये लागोपाठ दोन रात्री त्याचे सेव्ह फसले, आणि त्यानंतर उजव्या गुडघ्यासाठी त्याला दुखापतींच्या यादीत टाकलं. लिज उजव्या हाताने टाकतो, म्हणजे चेंडू सोडताना तो रेटा देतो त्याच पायाचा गुडघा. मोसम संपल्यावर नोव्हेंबरमध्ये कोपराचं ऑपरेशन, जानेवारीत गुडघ्याचं. आम्ही सहा महिने त्याच्या डोक्यात काय चाललंय याची चर्चा करत होतो. बिघाड गुडघ्यात आणि कोपरात होता.

पण त्याची हिंमत २००५ मध्येच खचली होती असं म्हणतात, ते?

म्हणतात खरं. १७ ऑक्टोबर २००५, तेव्हा लिज ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडे होता. ॲस्ट्रोज ४-२ पुढे, एक आउट काढला की क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज. दोन माणसं बेसवर आणि समोर आल्बर्ट पुहोल्स. स्लायडर खाली पडलाच नाही, लटकत राहिला, आणि पुहोल्सने तो डावीकडे इतका लांब मारला की स्टेडियमभर शांतता पसरली. घरचं स्टेडियम होतं ते.

गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पुढचं कुणी सांगत नाही, की ॲस्ट्रोज पुढचाच सामना जिंकून वर्ल्ड सिरीजला गेले. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी याच माणसाने ४८ पैकी ४८ सेव्ह केले. खचलेला माणूस ते कसं करेल? "मनाने खचला" हे निदान फार सोयीचं असतं, कारण त्याला तपासणी लागत नाही. सोफ्यावर बसून करता येतं. मीही केलंय.

मग मॅनेजर चार्ली मॅन्युएलने त्याला काढलं का नाही? रायन मॅडसन होता ना?

हाच तो वाद. २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या स्पोर्ट्स रेडिओवर दुसरा विषय नव्हता. आमच्या कारपूलमध्ये चौघे होतो, तिघे मॅडसनवाले आणि एक लिजवाला. तो एकटा म्हणजे आमचा केरळी मित्र. बेन फ्रँकलिन पूल येईपर्यंत आम्ही तिघे त्याला खाऊन टाकायचो.

मॅडसनची बाजू सोपी होती. हातात उत्कृष्ट चेंजअप (फसवा मंद चेंडू), आठवी इनिंग तो बिनघोर काढायचा, इआरए लिजच्या निम्म्याहूनही कमी. जूनमध्ये लिज यादीत असताना क्लोजरची खुर्ची त्यालाच मिळाली, आणि तिथे त्याचेही सेव्ह फसले. वर्षाअखेरीस हिशेब १६ पैकी १०, म्हणजे शंभरातले ६२-६३. लिजचा ४२ पैकी ३१, जवळपास ७४. लिजवाला हे दोन आकडे तोंडावर फेकायचा आणि आम्ही गप्प.

आता वर सांगितलेली गंमत आठवा. मॅडसनच्या फसलेल्या सहामध्ये आठव्या इनिंगचेही असू शकतात, आणि तिथे यशाची नोंद सेव्ह म्हणून होतच नाही. त्यामुळे ती तुलना सरळ नाही. हे मला तेव्हा सुचलं असतं तर पूल येईपर्यंत बोलायला काहीतरी उरलं असतं.

तिसरा पर्याय कोण होता? ब्रेट मायर्स २००७ मध्ये क्लोजर होता, पण जूनमध्ये त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. हुआन कार्लोस रोमेरो पहिले पन्नास सामने निलंबित. चान हो पार्क, स्कॉट आयर, चॅड डर्बिन हे आपापल्या इनिंगचे कामसू लोक. म्हणजे लिजला काढा म्हणणं सोपं होतं, त्याच्या जागी कोण हे सांगताना जीभ अडखळायची. मॅडसनला नववीत आणला तर आठवी कोण टाकणार? एक भोक बुजवायला दुसरीकडची माती उकरायची.

आणि मॅन्युएल हा माणूसच तसा. स्वतः खेळाडू म्हणून अमेरिकेत फारसं जमलं नाही, जपानमध्ये गेला आणि तिथे १९७९ मध्ये पॅसिफिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका ठिकाणी नापास झालेला दुसरीकडे पास होतो हे त्याने अंगावर अनुभवलेलं. पत्रकारांनी रोज विचारलं तरी त्याचं उत्तर तेच, आमचा क्लोजर लिज. सप्टेंबरमध्ये मात्र त्याने गुपचूप नवव्या इनिंगला मॅडसनलाही आणायला सुरुवात केली. घोषणा केली नाही. मला वाटतं त्याचं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं: माणसाची खुर्ची काढायची नाही, फक्त त्यावर रोज बसवायचं नाही.

लिजने २००९ मध्ये एकही सामना धड संपवला नाही का?

असं कसं, ३१ सेव्ह आहेत! त्यातला एक तर कुणी विसरणार नाही. २३ ऑगस्ट, न्यूयॉर्क मेट्सच्या मैदानावर, फिलीज ९-६ पुढे. नवव्या इनिंगला लिजच्या पाठीमागे क्षेत्ररक्षणाचा नुसता सावळा गोंधळ. सेकंड बेसवर चेज अटलीच्या जागी त्या दिवशी एरिक ब्रंटलेट होता आणि त्याच्याकडे गेलेले दोन चेंडू निसटले. ९-७, दोघे बेसवर, कुणी आउट नाही. लिजचा चेहरा बघवत नव्हता. दोन्ही रनर पळायला सुटले आणि जेफ फ्रँकूरने चेंडू सरळ ब्रंटलेटच्या हातात मारला. पकडला, एक. सेकंड बेसवर पाय, दोन. समोरून धावत आलेल्याला चेंडू लावला, तीन. एकट्याने तीन आउट, सामना खलास. बेसबॉलच्या इतिहासात सामना असा संपण्याची ही दुसरीच वेळ. पहिली १९२७ ची.

लिजच्या खात्यात सेव्ह जमा. त्या वर्षी त्याला नशिबाने दिलेलं बहुधा तेवढंच.

फिलीज तर गटात पुढे होते. मग सप्टेंबरमध्ये लोकांची पाचावर धारण का बसली होती?

१९६४ मुळे. त्या वर्षी बारा सामने शिल्लक असताना फिलीज साडेसहा सामन्यांनी पुढे होते. मग लागोपाठ दहा हरले. इथल्या सत्तरीपुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो तुम्हाला ते दहाही सामने क्रमाने सांगेल आणि सांगताना आवाज खाली नेईल. माझ्या शेजारचे आजोबा तेव्हा शाळेत होते. २००९ च्या सप्टेंबरमध्ये रोज सकाळी कचऱ्याचा डबा आत घेताना ते मला फक्त एक आकडा सांगायचे, मॅजिक नंबर. बाकी गुड मॉर्निंग वगैरे काही नाही.

मॅजिक नंबर म्हणजे आपले किती विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे किती पराभव मिळून आपलं पहिलं स्थान पक्कं होणार तो आकडा. १६३ मधून (मोसमातले १६२ सामने अधिक एक) आपले विजय आणि त्यांचे पराभव वजा करा, झालं. २००७ मध्ये सतरा सामने राहिले असताना मेट्स सात सामन्यांनी पुढे होते आणि तरी फिलीजनी त्यांना शेवटच्या दिवशी गाठून मागे टाकलं. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास कसा जातो हे आम्ही नुकतंच उलट बाजूने पाहिलं होतं. दुधाने तोंड भाजलेले लोक आम्ही, ताक फुंकणारच.

शेवटी ३० सप्टेंबरला घरच्या मैदानावर गट जिंकला. १०-३ अशी आघाडी, सेव्हचा प्रश्नच नव्हता, तरी मॅन्युएलने शेवटच्या आउटसाठी लिजला बोलावलं. आणि त्याच लोकांनी, ज्यांनी त्याला सहा महिने हुर्यो दिली होती, उभं राहून टाळ्या वाजवल्या. ९३ विजय, फ्लोरिडा मार्लिन्सच्या सहा जास्त.

सात इआरएच्या क्लोजरला घेऊन ९३ सामने कसे जिंकले?

मारून. रायन हॉवर्ड ४५ होम रन, जेसन वर्थ ३६, राऊल इबान्येझ ३४, अटली ३१. एका संघात तीसहून जास्त होम रन मारणारे चौघे. शिवाय जुलैच्या शेवटी क्लीव्हलंडहून क्लिफ ली आणला. आणि एक कोरडं सत्य: नवव्या इनिंगला पुढे असलेला संघ, क्लोजर कुणीही असो, शंभरात साधारण पंच्याण्णव वेळा जिंकतोच. आपलं रक्त आटतं ते उरलेल्या पाचांसाठी.

तेव्हा प्लेऑफमध्ये किती संघ असत?

प्रत्येक लीगमधून चार, एकूण आठ. तीन गटविजेते आणि एक वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतला सर्वोत्तम. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा जातात.

ऑक्टोबरमध्ये लिज सुधारला का?

हो! आणि हे कुणाला आठवतच नाही. कोलोरॅडोविरुद्ध डेन्व्हरच्या गारठ्यात तिसऱ्या सामन्यात ६-५ असा एका रनाचा सेव्ह. दुसऱ्या दिवशी नवव्या इनिंगला फिलीज मागे असताना हॉवर्डने दोन रन आणणारा फटका मारला, वर्थने आणखी एक आणला, ५-४. मग शेवटच्या बॅटरसाठी लिज आला आणि ट्रॉय तुलोवित्स्कीला त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद. स्लायडरवर, जुन्यासारखा. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध पहिल्या सामन्यात आणखी एक सेव्ह. या दोन्ही फेऱ्यांत त्याने एकही रन दिला नाही.

डॉजर्सविरुद्धचा चौथा सामना आमच्या दिवाळीत आला. लक्ष्मीपूजन शनिवारी होऊन गेलं होतं, हा सोमवार, १९ ऑक्टोबर. घरात पाहुणे, टीव्हीसमोर फराळाची ताटं. नवव्या इनिंगला ४-३ ने मागे, दोन आउट. जिमी रॉलिन्सने डॉजर्सचा क्लोजर जोनाथन ब्रॉक्सटनला उजवीकडच्या मोकळ्या जागेत मारलं, दोघे धावत घरी आले, आणि माझ्या हातातल्या चिवड्याची वाटी कुठे गेली ते दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम करताना कळलं. त्या सामन्यातला विजयी पिचर म्हणून नाव लागलं ब्रॅड लिजचं. अख्ख्या वर्षातला पहिला आणि एकमेव विजय.

आणि वर्ल्ड सिरीजमधला तो न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा चौथा सामना?

१ नोव्हेंबर २००९, रविवार. त्याच दुपारी रस्त्यापलीकडच्या स्टेडियमात आमच्या फुटबॉल संघाने, ईगल्सनी, न्यूयॉर्क जायंट्सचा ४०-१७ असा फडशा पाडला होता, त्यामुळे शहर आधीच तरंगत होतं. घड्याळं पहाटे एक तास मागे गेलेली. माझे सासरे सांगलीहून आलेले, निवृत्त मास्तर, क्रिकेटचे किडे. त्यांना मी तीन आठवडे बेसबॉल शिकवत होतो.

फिलीज मालिकेत १-२ मागे. आठव्या इनिंगला पेद्रो फेलिझने होम रन मारून ४-४ केले. नववीला लिज. हिदेकी मात्सुई हवेत झेल देऊन गेला, डेरेक जीटर स्ट्राइकआउट. दोन आउट. स्लायडर पडत होता. मी उठून उभा राहिलो.

मग जॉनी डेमन. त्याने लिजला नऊ चेंडू टाकायला लावले. दोन स्ट्राइक झालेले, एक चुकला की इनिंग संपली, तरी चेंडू रेषेबाहेर मारून फाऊल करत राहिला, आणि नवव्यावर डावीकडे सिंगल मारला. पुढचा बॅटर मार्क टिशेरा डाव्या हाताने खेळायला उभा. तो बहुतेक चेंडू उजवीकडे ओढतो म्हणून फिलीजनी इनफिल्डमधले (बेसांजवळचे) तिघे तिकडे सरकवले होते. डाव्या बाजूला भगदाड.

सासरे चष्मा वर करून म्हणाले, "तिकडे कोण आहे हो?"

मी म्हणालो, "कुणी नाही, गरज नाही."

डेमन दुसऱ्या बेसकडे पळाला. रुईझचा थ्रो आला, तो पकडायला थर्ड बेसमन फेलिझच आलेला, कारण त्या बाजूला तोच जवळ होता. डेमन सरपटत पोचला, उठला, आणि मान वर करून पाहिलं. तिसरा बेस रिकामा. नुसती पांढरी गादी. लिज तिकडे गेला नाही, रुईझही नाही. डेमन तसाच पुढे सुटला. एका चेंडूवर दोन बेस चोरले.

सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

रनर तिसऱ्या बेसवर आला म्हणजे काय झालं ते बघा. लिजचा हुकमी चेंडू मातीत पडणारा. तो कॅचरच्या अंगावरून सुटला तर दुसऱ्या बेसवरचा माणूस तिसऱ्यावर जातो, बिघडत काही नाही. तिसऱ्या बेसवरचा माणूस मात्र घरी येतो, सामना गेला. डेमनने बेस चोरले असं वहीत लिहिलंय. मी म्हणतो त्याने स्लायडर चोरला. त्यानंतर टिशेराच्या अंगावर चेंडू गेला, तो फुकट पहिल्या बेसवर. ॲलेक्स रॉड्रिगेझने सरळ वेगवान चेंडू डावीकडे पिटाळला, डेमन घरी. होर्हे पोसाडाने आणखी दोघांना आणलं. ७-४.

मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये याच रॉड्रिगेझने नवव्या इनिंगला लिजला होम रन मारून सामना बरोबरीत आणला होता. यँकीज तोही जिंकले होते.

मग वर्ल्ड सिरीज लिजमुळे गेली?

नाही, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. तो अख्ख्या मालिकेतला त्याचा एकच वाईट भाग. कोल हॅमल्स, २००८ चा वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, तिसऱ्या सामन्यात तीन रनांची आघाडी सांभाळू शकला नाही. हॉवर्डने सहा सामन्यांत तेरा स्ट्राइकआउटचा विक्रम केला. यँकीज ४-२ ने जिंकले ते चांगले खेळले म्हणून.

रिकाम्या बेसचा दोष मात्र पूर्ण लिजला द्यायचा की नाही यावर मी अजून डळमळतो. अशी मांडणी केली की तिसरा बेस कुणी राखायचा हे आधी ठरलेलं असायला हवं. पिचर सगळ्यात मोकळा, म्हणून जबाबदारी बरीचशी त्याची. तरी तीन पावलं त्याने टाकायला हवी होती. २०२३ पासून नियमच बदलला, दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर उभे करावे लागतात, त्यामुळे तेवढं मोठं भगदाड आता पडत नाही.

यँकीजचा मारियानो रिव्हेरा असता तर?

असता तर काय, तो समोरच होता. ६५२ सेव्ह, सगळ्यांत जास्त. कुठल्याही क्लोजरची त्याच्याशी तुलना करणं म्हणजे गल्लीतल्या गायकाला लताबाईंशी ताडून बघणं.

फिलाडेल्फियाचे प्रेक्षक इतके दुष्ट का?

१९६८ मध्ये ईगल्सच्या सामन्यात सांताक्लॉजवर बर्फाचे गोळे फेकले होते, ते अजून ऐकवतात. १९९३ मध्ये क्लोजर मिच विल्यम्सला जो कार्टरने होम रन मारला आणि वर्ल्ड सिरीज संपली. त्याला आधीच जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, आणि मोसम संपल्यावर क्लबने त्याला ह्यूस्टनला धाडलं. लिजचं तसं झालं नाही. २००८ चं पुण्य होतं.

२०२३ मध्येही असंच झालं ना?

ॲरिझोनाविरुद्ध फिलीजचा तेव्हाचा क्लोजर क्रेग किंब्रेल. २-० पुढे असलेल्या मालिकेत तिसरा आणि चौथा सामना लागोपाठ त्याच्या हातून गेला, आणि सातव्यात फिलीज घरी. तेव्हा मॅनेजर रॉब थॉमसनने चौथ्या सामन्यात पुन्हा त्याच्यावर विसंबायला नको होतं असं माझं मत. २००९ मध्ये मॅन्युएलला पाठिंबा आणि २०२३ मध्ये थॉमसनला शिव्या, हे कसं, असं माझा मुलगा विचारतो. लिजची पन्नास-साठ इनिंगची चाचणी होऊन डेन्व्हरला तो सावरलेला दिसला होता. किंब्रेल आदल्याच रात्री घसरलेला दिसला होता. मुलाला हे पटलेलं नाही.

मॅडसनचं पुढे काय झालं?

आम्ही मॅडसनवाले बरोबर होतो, फक्त दोन वर्षं लवकर. २०११ मध्ये तो क्लोजर झाला आणि ३४ पैकी ३२ सेव्ह केले. पण मधल्या २०१० च्या एप्रिलमध्ये लिजच्या जागी उभा असताना एक सेव्ह फसला, म्हणून त्याने ड्रेसिंग रूममधल्या खुर्चीला लाथ मारली आणि पायाचा अंगठा मोडून घेतला. केरळी मित्राने मला त्या दिवशी फक्त खुर्चीचा फोटो पाठवला.

आणि लिज?

ऑपरेशनं झाल्यावर २०१० मध्ये २७ सेव्ह, इआरए २.९६. मग पुन्हा शरीराने साथ सोडली. २०१३ मध्ये फिलीजकडूनच निवृत्त झाला. पुढे त्याने इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातून पुरातत्त्वशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, विषय प्राचीन रोम. आता जमिनीत काय सापडतं ते शोधतो.

मॅच बघायला यायचं आहे. बुलपेन जवळून दिसेल अशी जागा कुठली?

ब्रॉड स्ट्रीट लाइनने शेवटच्या स्टेशनला उतरा, गर्दीच्या मागे चाला. आत गेल्यावर सेंटर फील्डच्या मागे ॲशबर्न ॲली आहे, तिथे कठड्याला टेकून उभं राहता येतं, वेगळी जागा लागत नाही. बुलपेन दोन मजली आहे. वरचा मजला पाहुण्या संघाचा, अगदी हाताशी, ओरडलं की ऐकू जातं. आपले पिचर खालच्या मजल्यावर. सातव्या इनिंगनंतर जा, आणि जाकीट घ्या, सप्टेंबरातही वारा सुटतो.